दिवे परक्यांचे, अक्षरेही परक्यांचीच?

शालेय विज्ञान प्रदर्शनाच्या मांडवात अलीकडे एक दृश्य हमखास दिसते. टेबलावर छोटासा आर्डुइनो बोर्ड, त्यातून निघालेल्या तीन तारा आणि तारांच्या टोकाला तळहातावर मावेल अशी चौकोनी एलईडी मॅट्रिक्स. आठ ओळी, आठ स्तंभ, चौसष्ट इवलेसे दिवे. कळ दाबताच त्यावर लाल, हिरव्या, निळ्या, जांभळ्या रंगांची लाट उसळते आणि मागोमाग अक्षरे सरकू लागतात. पाहुणे थबकतात, पालक मोबाइल पुढे करतात, मुख्याध्यापक समाधानाने मान डोलावतात. या कौतुकात एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. शाळा मराठी, मुलगा मराठी, पाहुणे मराठी. आणि मॅट्रिक्सवर सरकणारे 'वेलकम' मात्र रोमन लिपीत! 'स्वागत' का नाही, असे कोणी विचारलेच तर मुलगा निरागसपणे सांगतो, "लायब्ररीत मराठी नाही."

लायब्ररी म्हणजे येथे ग्रंथालय नव्हे. दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला, आयता उचलून वापरावयाचा प्रोग्रॅमचा संच म्हणजे लायब्ररी. आणि 'लायब्ररीत मराठी नाही' हे उत्तर त्या मुलाचे नव्हे; ते त्याला घडविणाऱ्या संपूर्ण व्यवस्थेचे उत्तर आहे. दिवा परक्याचा, दिव्यातील चिप परक्याची, तिला हुकूम सोडणारा प्रोग्रॅम परक्याचा आणि आता त्या दिव्यांतून उमटणारे अक्षरही परक्याचे! पहिल्या तीन परावलंबनांना इतिहासाची, भांडवलाची, कच्च्या मालाची कारणे तरी देता येतात. चौथ्याला आळसाखेरीज कोणते कारण आहे?

चौसष्ट दिव्यांची वंशावळ

दोन-तीनशे रुपयांच्या या वस्तूमागे शंभर वर्षांहून अधिक काळाची तपश्चर्या आहे. १९०७ साली मार्कोनी कंपनीतील हेन्री राऊंड या ब्रिटिश अभियंत्याला कार्बोरंडमच्या स्फटिकातून विजेचा प्रवाह जाताना प्रकाश बाहेर पडत असल्याचे आढळले. पुढे १९२०च्या दशकात ओलेग लोसेव या रशियन संशोधकाने त्या प्रकाशाचा चिकाटीने अभ्यास केला. १९६२ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी तयार केला. लाल मिळाला, हिरवा मिळाला. परंतु निळा काही केल्या हाती येईना. आणि निळ्यावाचून ना पांढरा प्रकाश, ना रंगांचा पूर्ण पट.

तो निळा दिवा कोठे उजळला, हे मुद्दाम सांगावयास हवे. जपानमधील नागोया येथे इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी गॅलियम नायट्राइडचा निर्दोष स्फटिक वाढविण्याची वाट दाखविली. प्रखर निळा एलईडी मात्र १९९३ साली प्रकट झाला तो शिकोकू बेटावरील अनान या छोट्या गावातील निचिया या कंपनीत. ही कंपनी दिव्यांसाठी लागणारी चमकणारी रसायने बनवीत असे. शुजी नाकामुरा हे तेथील कर्मचारी, जवळच्याच तोकुशिमा विद्यापीठाचे पदवीधर. जगातील अनेक नामांकित प्रयोगशाळा त्या काळी झिंक सेलेनाइड या दुसऱ्याच पदार्थामागे लागलेल्या होत्या. नाकामुरांनी त्यांची नक्कल केली नाही. स्फटिक वाढविण्याचे यंत्र त्यांनी स्वतः उघडले, कापले, जोडले, बदलले आणि सारे जग ज्याला अशक्य म्हणत होते ते साध्य केले. २०१४ साली या तिघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आडगावातील कारखाना आणि स्वतःच्या हाताने यंत्र उघडण्याची हिंमत, एवढ्या बळावर जपानने जगाच्या दिव्यावर आपली मुद्रा उमटविली.

पुढचा टप्पा चीनने गाठला. ग्वांगडोंग प्रांतातील वर्ल्डसेमी या कंपनीने दिव्याला आज्ञा देणारी चिप थेट दिव्याच्या पोटातच बसविली. 'डब्ल्यूएस २८१२' या नावाने ओळखला जाणारा हा एलईडी पाच मिलिमीटर लांब आणि तितकाच रुंद. त्यात लाल, हिरवा, निळा असे तीन प्रकाशबिंदू आणि त्यांच्या शेजारी ती चिप. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. म्हणजे एकाच दिव्यातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा. पूर्वी चौसष्ट दिव्यांसाठी तारांचे जंजाळ करावे लागे. आता हुकुमासाठी एकच तार पुरते. पहिला दिवा आपल्या वाट्याचा हुकूम घेतो आणि उरलेला पुढे सरकवितो, पंगतीत वाढप्याने दिलेले ताट हातोहात पुढे जावे तसे. न्यूयॉर्कच्या अ‍ॅडाफ्रूट कंपनीने या दिव्यांना 'निओपिक्सेल' हे नाव दिले आणि ते चालविणारा प्रोग्रॅम लिहून जगाला खुला केला. आर्डुइनो बोर्ड २००५ च्या सुमारास इटलीतील इव्रेआ येथे आकाराला आला. वायफायसह येणारी ईएसपी ३२ ही स्वस्त चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची.

ब्रिटन, रशिया, अमेरिका, जपान, चीन, इटली. या वंशावळीत भारत कोठे आहे? ग्राहकांच्या रांगेत!

आणि तरीही आरंभ असा नव्हता. जगदीशचंद्र बसू यांना गॅलेना स्फटिकाच्या साहाय्याने विद्युतलहरी टिपण्याच्या युक्तीबद्दल १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. अर्धवाहक पदार्थाच्या उपयोगावरील जगातील अगदी आरंभीच्या पेटंटांमध्ये त्याची गणना होते. मात्र पूर्वजांच्या पुण्याईवर किती काळ जगावयाचे? बसूंचे नाव सभेत घ्यावयाचे आणि सभेच्या व्यासपीठावरची रोषणाई ग्वांगडोंगहून मागवावयाची, याला वारसा म्हणत नाहीत.

जुळणीला निर्मिती म्हणण्याची सवय

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत फेरफटका मारला, तर रंगीत मॅट्रिक्सचे डझनभर प्रकार काउंटरवर मिळतात. त्यांतील बहुतेक माल चीनमधून आलेला असतो. त्याच दिव्यांच्या माळा येथे आणून, त्यांना येथली चौकट, येथला प्लग आणि येथले खोके लावले की खोक्यावर तिरंगा छापावयास मंडळी मोकळी! जुळणी करणे हे पाप नव्हे. जुळणीतून रोजगार मिळतो, हात सरावतात, पुढची वाट दिसू शकते. परंतु जुळणीलाच निर्मिती म्हणणे ही आत्मवंचना आहे, आणि आत्मवंचना करणारा समाज पुढची पायरी कधीच चढत नाही. कारण आपण माथ्यावर पोहोचलो आहोत, अशी त्याची आधीच समजूत झालेली असते.

या अवस्थेमागे चुकांची एक साखळी आहे. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८०च्या दशकात भारत चिप बनवू लागला होता. फेब्रुवारी १९८९ मधील आगीत तो कारखाना भस्मसात झाला आणि त्याला पुन्हा उभे राहण्यास वर्षे लागली. त्या वर्षांत शेजारी देश मैलोगणती पुढे निघून गेले. १९९७ साली भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली आणि २००५ पर्यंत त्या यादीतील वस्तूंवरील आयात शुल्क शून्यावर आणले. घरचा पहिलवान अजून तालमीत उतरलेला नसताना आखाडा जगाला खुला करून देण्याचा हा प्रकार होता. संगणकाची आज्ञावली लिहिणारे लाखो हात आपण जगाला पुरविले. पण ती आज्ञावली ज्या तुकड्यावर चालते, तो तुकडा मात्र आयात करीत राहिलो.

गेल्या दशकात धोरण जागे झाले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब घरोघरी पोहोचले. २०२१ मध्ये सेमीकंडक्टर कार्यक्रमासाठी ७६ हजार कोटी रुपये मंजूर झाले. त्याच वर्षी एलईडी दिव्यांच्या सुट्या भागांना उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन मिळाले. मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक घटकांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटींची स्वतंत्र योजना आली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु सरकारने पैसा ओतला की ज्ञान आपोआप पाझरते, असे जर कोणास वाटत असेल, तर त्याने निचियाची कथा पुन्हा वाचावी.

परावलंबनाची किंमत काय असते, याची झलक ऑगस्ट २०२३ मध्ये दिसली. त्या महिन्यापासून चीनने गॅलियम आणि जर्मेनियम यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. लाल असो, हिरवा असो की निळा, या मॅट्रिक्समधील प्रत्येक प्रकाशबिंदूत गॅलियम असते, आणि जगातील प्राथमिक गॅलियमचा जवळजवळ सारा पुरवठा एकट्या चीनच्या हाती आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच चीनने अमेरिकेला गॅलियम विकण्यावर थेट बंदी घातली. पुढे ती स्थगित झाली, हा भाग वेगळा. मनात आले तेव्हा नळ बंद करता येतो, हे सिद्ध झालेच. आणि हे गॅलियम येते कोठून? बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढताना उरणाऱ्या द्रावातून. बॉक्साइट ओडिशाच्या डोंगरांत विपुल आहे, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही आहे. भारत सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० अतिमहत्त्वाच्या खनिजांच्या यादीत गॅलियमचा समावेश आहे. म्हणजे माती आपली, डोंगर आपले. केवळ त्यातून दिवा काढण्याची विद्या परक्यांची!

पहिली पायरी : अक्षर

मग करावयाचे काय? खाणीपासून दिव्यापर्यंतचा पल्ला दशकांचा आहे. तो एका भाषणाने सर होणार नाही. म्हणूनच जी पायरी सर्वांत जवळ आहे तेथून आरंभ करावयास हवा. ती पायरी म्हणजे अक्षर.

रोमन अक्षर पाच बिंदू रुंद आणि सात बिंदू उंच अशा जागेत सुखाने बसते. म्हणूनच आठ ओळींची मॅट्रिक्स ही जणू त्या लिपीच्या मापाने शिवलेला अंगरखा आहे. देवनागरीचा देह निराळा. मधोमध शिरोरेषा, तिच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार, खाली अक्षराचा मुख्य देह, त्याखाली उकार आणि ऋकार. आठ ओळींत हे सारे कोंबले तर अक्षराचा जीव गुदमरतो. त्याला किमान सोळा ओळींची ऐसपैस जागा हवी, म्हणजे आठ-आठच्या मॅट्रिक्सची दुमजली मांडणी.

जागेचा प्रश्न सुटला तरी बुद्धीचा उरतोच. संगणक 'कि' साठवितो तेव्हा आधी क आणि नंतर वेलांटी, अशा क्रमाने साठवितो. दाखविताना मात्र वेलांटी डावीकडे काढावी लागते. 'सूर्य' मधील र साठवणीत य च्या आधी येतो; दाखविताना तो य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. आणि मराठीचा खास र त्याहून निराळा. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातील खोल जागा. आचार्यांना दक्षिणा द्यावयाची आणि आचाऱ्यांना मजुरी. हा भेद ज्या प्रोग्रॅमला कळत नाही, तो समुद्राला डोंगरात आणि गुरुजींना स्वयंपाकघरात पाठवितो! हा भेद अमेरिकेतील प्रोग्रॅमरने का शिकावा? शेनझेनच्या कारखानदाराला आपल्या ळ ची काळजी का असावी? ही जबाबदारी ज्यांची भाषा आहे त्यांचीच.

दुकानांवरच्या, मंदिरांवरच्या फलकांवर देवनागरी अक्षरे धावताना दिसतात, असा आक्षेप कोणी घेईल. ते खरे आहे. 'पी १०' नावाने मिळणारे ते फलक ३२ बिंदू रुंद आणि १६ बिंदू उंच असतात, त्यामुळे जागा पुरते. परंतु ती ओळ बहुतेकदा संगणकावर आधी चित्र म्हणून तयार करून फलकाकडे पाठविलेली असते. फलकाला मराठी येत नसते. तो केवळ ठिपक्यांची नक्कल करीत असतो. मजकूर बदलावयाचा तर पुन्हा त्या आयत्या सॉफ्टवेअरच्या दारात उभे राहावे लागते. खरे कौशल्य छोट्या बोर्डाला मराठी अक्षरे समजतील असा प्रोग्रॅम लिहिण्यात आहे. त्याला ना कारखाना लागतो, ना परवाना, ना कोट्यवधींचे भांडवल. लागते ती संगणकाची जाण, व्याकरणाची जाण आणि स्वभाषेविषयीचा अभिमान.

महाराष्ट्राने हे काम पूर्वी केलेले आहे. छपाईचे यंत्र विलायतेहून आले, तेव्हा 'यंत्रात मराठी नाही' असे म्हणून कोणी हातावर हात ठेवून बसले नाही. जावजी दादाजी हा गरीब घरातला मुलगा मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तुटपुंज्या पगारावर टाइप घासण्याचे काम करीत असे. ते काम करता करता त्याने अक्षरांचे मर्म ओळखले. १८६४ साली त्याने स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कसबी सहकाऱ्याच्या हातून उतरलेल्या त्या देवनागरी टाइपांनी संस्कृत आणि मराठी ग्रंथांना असे रूप दिले की निर्णयसागरची प्रत म्हणजे शुद्धतेची आणि सौंदर्याची खूणगाठ ठरली. यंत्र परक्याचे होते. अक्षर परक्याचे राहिले नाही.

संगणक आला तेव्हाही तेच घडले. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान भारतीय लिपींना संगणकाच्या पडद्यावर घेऊन आले. ल. श्री. वाकणकर यांनी लिपीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले. र. कृ. जोशी यांच्या हातून घडलेला 'मंगल' हा टाइप विंडोजबरोबर जगभर पोहोचला. ही परंपरा ज्या मातीत आहे, तेथील मुलाने चौसष्ट दिव्यांपुढे हात टेकावेत?

दुसरी पायरी : समज

अटल इनोव्हेशन मिशन २०१६ साली सुरू झाले आणि त्यातून देशभरात १० हजार शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. प्रत्येक शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळाले. आणखी ५० हजार लॅब पाच वर्षांत उभारण्याचा संकल्प २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सोडण्यात आला. योजना उत्तम आहे, हेतू निर्मळ आहे. प्रश्न आहे तो कपाटातील साहित्याचे मुलाच्या डोक्यात काय होते, हा. तीन तारा जोडावयाच्या, आयती लायब्ररी उतरवून घ्यावयाची, 'रेनबो' नावाचा नमुना चालवावयाचा आणि टाळ्या घ्यावयाच्या, एवढ्यावर जर शिक्षण संपत असेल, तर ती प्रयोगशाळा नव्हे. ती ग्राहक घडविणारी शाखा होय, आणि तिचा खर्च मात्र भारतीय करदाता करतो.

वस्तुतः ही मॅट्रिक्स म्हणजे केवढा मोठा गुरू आहे! प्रत्येक दिव्याला २४ बिट हवेत, म्हणजे चौसष्ट दिव्यांना १,५३६. एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद, म्हणजे संपूर्ण चित्र सुमारे दोन सहस्रांश सेकंदात रंगते. शून्य आणि एक यांतील भेद एवढाच की तार किती क्षणांश 'वर' राहिली. हे मुलाने स्वतः मोजले, स्वतः लिहिले, चुकले, दुरुस्त केले, तर काळाच्या त्या सूक्ष्म तुकड्याशी त्याची आयुष्यभराची ओळख होते. सारे दिवे पूर्ण पांढरे पेटविले तर प्रत्येकी सुमारे ६० मिलिअँपिअर, म्हणजे एकूण पावणेचार अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. संगणकाच्या साध्या यूएसबी खाचेतून मिळतो अर्धा अँपिअर. मग दिवे का मंदावतात, लांब पट्टीच्या टोकाला पांढरा रंग तांबूस का होतो, तार का तापते? ओहमचा नियम येथे परीक्षेतील गुणांसाठी नसतो. तो बोटाला चटका देऊन शिकवितो. २५५ च्या निम्मे १२८ खरे, परंतु १२८ वर ठेवलेला दिवा डोळ्याला निम्मा तेजस्वी दिसत नाही, त्याहून बराच उजळ दिसतो. असे का? येथे इलेक्ट्रॉनिक्स संपते आणि मानवी दृष्टीचे शास्त्र सुरू होते.

हे सारे मुलाच्या मातृभाषेत समजावून सांगणारी पुस्तिका प्रत्येक लॅबमध्ये हवी. दिव्याची माहितीपत्रके इंग्रजीत आणि चिनीत मिळतात. चिनी मुलगा ती आपल्या भाषेत वाचतो आणि पुढचा दिवा बनवितो. मराठी मुलगा ती परभाषेत अर्धवट वाचतो आणि तो दिवा विकत घेतो. या दोहोंतील अंतर बुद्धीचे नाही. ते भाषेचे आहे.

तिसरी पायरी : चिप

आता खुद्द दिव्याच्या पोटातील चिपविषयी. भारताची सारी चर्चा किती नॅनोमीटरची चिप, या एकाच आकड्याभोवती फिरते. परंतु तीन रंगांना २५६ पायऱ्यांत चालविणाऱ्या आणि हुकूम पुढे सरकविणाऱ्या चिपला अत्याधुनिक कारखान्याची गरज नाही. जुन्या, स्थिरावलेल्या तंत्रातही ती बनू शकते. मोहालीच्या त्याच कारखान्यात १८० नॅनोमीटरच्या तंत्रावर आयआयटी मद्रासचा 'शक्ती' प्रोसेसर २०१८ साली आकाराला आला आणि अवकाशयानांसाठीचा 'विक्रम ३२०१' तेथूनच २०२५ साली देशासमोर आला. सी-डॅकने 'वेगा' मालिकेतील 'तेजस ३२' ही चिप आणि तिच्यावर आधारलेला, आर्डुइनोच्या धर्तीचा 'एरीज' बोर्ड तयार केला. अग्निबाणाला दिशा देणारी चिप जो देश बनवितो, तो दिव्याला रंग देणारी चिप बनवू शकत नाही, हे कोण मान्य करील? अडचण क्षमतेची नाही. छोट्या वस्तूला छोटे समजण्याच्या वृत्तीची आहे. आणि छोट्या वस्तूंचा खप कोट्यवधींचा असतो, हे चीनने ओळखले, आपण नाही.

येथे बहिष्काराच्या घोषणांचाही समाचार घ्यावयास हवा. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात भारतीय जवानांचे रक्त सांडले आणि देश संतापाने पेटला. तो संताप न्याय्य होता. परंतु पर्याय उभा न करता केलेला बहिष्कार दिवाळीपर्यंतच टिकतो. माळा पुन्हा त्याच, फक्त खोके नवे. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली, हे सर्वांना आठवते. त्याच पिढीने पुढे काय केले, हे विसरले जाते. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून माणशी एक पैसा गोळा करणारा पैसा फंड उभा राहिला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिले आणि १९०८ साली तळेगावला काच कारखाना सुरू झाला. विलायती काच फोडून ते थांबले नाहीत. परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांना त्यांनी बोलाविले, काच ओतली आणि तरुणांना ती विद्या शिकविली. तेथे शिकलेले कारागीर देशभरच्या काच कारखान्यांत गेले. होळीचा निखारा विझतो. शिकविलेला हात पिढ्यान्पिढ्या चालतो.

'खेळण्याचे एवढे काय?'

काही सुज्ञ म्हणतील, जागतिकीकरणाच्या युगात प्रत्येक वस्तू आपणच का बनवावी? कोणीच प्रत्येक वस्तू बनवीत नाही, हे मान्य. परंतु साखळीतील एखादी तरी कडी अशी हवी की जिच्यावाचून इतरांचे अडते. तशी कडी ज्याच्या हाती आहे, तो व्यापार करतो; ज्याच्या हाती एकही नाही, तो विनवण्या करतो. दुसरे म्हणतील, मुलांच्या खेळण्यासाठी एवढा आटापिटा कशाला? त्यांनी एवढेच पाहावे की आर्डुइनो डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी बनलेली साधी पाटी होती आणि एस्प्रेसिफची चिप २०१४ नंतर जगभर गाजली ती छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांच्या टेबलांवरून. उद्योगाची मुळे खेळातच रुजतात. खेळण्यात जो देश केवळ खरेदीदार असतो, तो कारखान्यातही खरेदीदारच राहतो.

आणि जे खुले प्रोग्रॅम जगाने विनामूल्य दिले, त्यांच्याविषयी मनात कृतज्ञताच असावी. परंतु ज्ञानाच्या या सार्वजनिक पंगतीत वर्षानुवर्षे केवळ जेवावयास बसणाऱ्याला पाहुणा म्हणत नाहीत. वाढावयासही उठले पाहिजे. देवनागरीसाठीचा उत्तम, खुला, निर्दोष अक्षरसंच हे त्या पंगतीतील महाराष्ट्राचे पहिले ताट ठरू शकते. तो हिंदी, नेपाळी, कोंकणी, संस्कृत, साऱ्यांच्याच उपयोगी पडेल.

म्हणून प्रत्येक गणेशोत्सव मंडळाने, प्रत्येक शाळेने, प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने या वर्षी एक छोटा नेम करावा. आरास रंगीत दिव्यांची असेल तर तिच्यावरील एक ओळ तरी आपल्या मुलांनी, आपल्या हाताने, आपल्या लिपीत रचलेली असावी. प्रदर्शनातील परीक्षकांनी 'हे कोठून आणले?' असे विचारू नये. 'यातले तू स्वतः काय केलेस?' असे विचारावे, आणि त्या उत्तरावर गुण द्यावेत. अक्षर ज्याने रचले, तो उद्या प्रोग्रॅम लिहील. प्रोग्रॅम ज्याने लिहिला, तो परवा चिप रेखाटील. आणि चिप ज्याने रेखाटली, तो कोल्हापूरच्या बॉक्साइटकडे निराळ्या नजरेने पाहील. डोंगरातील गॅलियम अजून कैक वर्षे वाट पाहू शकेल. पण 'स्वागत' या शब्दाने वाट का पाहावी? चौसष्ट दिवे टेबलावर आहेत, मुलगा समोर आहे, बाराखडी त्याला पाठ आहे. "लायब्ररीत मराठी नाही" असे म्हणणाऱ्या मुलाला "मग तू लिही" एवढे सांगणारा एक शिक्षक तेवढा उभा राहावयास हवा.